पोनिमानचे नऊ प्रश्न

जावामधल्या सोलो शहरात हातगाडीवर चहा मागितला की तो साखर घालूनच येतो. बिनसाखरेचा हवा असेल तर तसं सांगावं लागतं, आणि सांगितलं की गाडीवाली विचारते, "कोण आजारी आहे?"

*

घोरपडीची जीभ दुभंगलेली असते. डाव्या टोकाला वास जास्त लागला तर ती डावीकडे वळते.

*

बाटिकच्या कापडावर मेण उमटवायचे ठसे तांब्याच्या पट्टीचे करतात. पट्टी वाकवायची, फूल नाहीतर पक्षी तयार करायचा, मग सांध्यांना डाग द्यायचा. एका ठशाला पंधरा दिवस.

*

प्रश्न चौथा : ती चावली, तर तुम्ही कोणावर रागावाल?

*

सोलोच्या लवेयान भागातल्या एका घरातली फरशी पांढरी आहे. बाईने भांडून पांढरी घालून घेतली. पांढरीवर घाण दिसते, असं नवऱ्याचं म्हणणं. दिसावी म्हणूनच, असं तिचं.

*

नवऱ्याचं नाव पोनिमान. वय त्रेसष्ट, धंदा ठशांचा. बायको रुसमिनी. रविवारी सकाळी मोठ्या रस्त्यावर गाड्या बंद असतात. सायकलवाले, भोवरेवाले, कबुतरवाले सगळे आपापली जागा धरून बसतात, आणि चिंचेच्या झाडाखाली घोरपडवाले जमतात. त्यांच्यात पोनिमानचा शब्द शेवटचा. सगळे त्याला पाकदे, म्हणजे थोरले काका म्हणत. तो काही अध्यक्ष वगैरे नव्हता. लग्नं जुळवणारे असतात ना, तसा होता.

या मंडळात घोरपड विकत नाहीत. दत्तक देतात, आणि बदल्यात घेतात त्याला मेहेर म्हणतात. पैसे असोत, तांदूळ असोत, जुनी सायकल असो, मेहेर दिल्याशिवाय जनावर दारातून हलत नाही. आणि पोनिमानने नऊ प्रश्न विचारल्याशिवाय मेहेराची गोष्टच निघत नाही. चौदा वर्षं हेच चाललं होतं.

"मला मोठी हवी, पाकदे," एखादा कॉलेजातला पोरगा म्हणायचा. "पाण्यातली. सहा फुटी."

"राहतोस कुठं?"

"भाड्याची खोली आहे."

"मग ती आल्यावर तू कुठं राहणार?"

सगळे हसायचे, आणि पोरगा काटेरी शेपटीची, हातभर लांबीची घोरपड घेऊन जायचा. ती रातकिडे खाते, दगडाच्या फटीत शिरून झोपते, आणि घरमालकाला दोन वर्षं पत्ता लागत नाही.

कोंबडी तळून विकणाऱ्या एका बाईला पोनिमानने दुसरा प्रश्न विचारला. हाताला कशाचा वास येतो? बाईने तळवा हुंगला आणि तिलाच हसू आलं. "मग पाण्यातली नको," पोनिमान म्हणाला. "तुम्ही लाडाने हात पुढे केलात की तिला वाटणार ताट आलं. तिचाही दोष नाही, तुमचाही नाही." त्या बाईला त्याने खेकडे-गोगलगायी खाणारी, काळी, लाजाळू जात दिली. कोंबडीच्या वासाकडे ती ढुंकून बघत नाही. मुलींच्या शाळेतल्या कडक मुख्याध्यापिकेला आफ्रिकेतली तपकिरी दिली. ती जात खादाड. नाही म्हणू शकणारा माणूस नसला तर वर्षभरात उशीसारखी फुगते आणि मरते. झाडावरची हिरवी मागायला एक पोलीस आला होता. दिसायला सगळ्यात देखणी तीच. नववा प्रश्न विचारल्यावर गडी हिरमुसला आणि मासे पाळायला लागला.

*

प्रश्न नववा : हात न लावता, नुसतं बघून तुमचं भागेल का?

*

पोनिमानने स्वतःची घोरपड आणली तेव्हा त्याला असं कोणी विचारलं नव्हतं. मेनिक तिचं नाव, जात पाण्यातली. मेनिक म्हणजे इवलीशी, नाजूक. आणली तेव्हा ती करंगळीएवढ्या जाडीची होती. अकरा वर्षांनी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेपाच फूट भरत होती, आणि मागच्या अंगणातला सिमेंटचा हौद तिचा होता. नाव तेवढं बदलायचं राहून गेलं.

पोनिमान मागच्या पडवीत बसून पट्टी वाकवत असला की मेनिक हौदातून निघायची, ओली शेपटी ओढत यायची, त्याच्या पावलांवरून चढून पलीकडच्या उन्हाच्या पट्ट्यात जाऊन पसरायची. रोज. वाट बदलली तर घोरपड कसली! पहिली आठ-नऊ वर्षं तो रोज ओरडायचा. नखं म्हणजे आकडेच. मग हळूहळू ओरडणं कमी झालं, आणि गेल्या वर्षी बंदच झालं.

हे त्याने मंडळात सांगितलं. सांगितलं कसलं, शिकवलं.

"दहा वर्षं सांभाळली की नखं आवरायला शिकते," तो म्हणाला. "मांजर आवरते तशी. माझ्या पायावरून जाते, मला कापूस फिरवल्यासारखं वाटतं. विश्वास बसायला दहा वर्षं लागतात. माणसांना जास्त लागतात."

लोकांनी मान डोलावली. मंडळाच्या नव्या माणसांसाठी छापलेली एक चोपडी होती, तिच्यातही हे वाक्य गेलं. कासनो नावाचा टायरवाला होता, त्याची घोरपड आठ वर्षांची. तो तेव्हापासून रोज सकाळी अनवाणी उभा राहून तिला पायांवरून फिरवू लागला. दोन वर्षं कळ काढली की झालं, म्हणायचा.

*

प्रश्न सहावा : शेवटची जखम कधी झाली होती, आणि किती दिवसांत भरली?

*

रमजान संपून पंधरवडा झाला असेल. रुसमिनी बाजारातून आली आणि दारातच थांबली. पांढऱ्या फरशीवर पडवीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत लाल पावलं उठली होती. फक्त डावी.

"पाकने," तिने नवऱ्याला हाक मारली, "कोंबडी कापलीत का?"

"नाही बुवा," आतून पोनिमान म्हणाला. तो सोयाबीनचे तेंपे तळत होता, शीळ घालत.

डाव्या पायाच्या करंगळीजवळ नख खोल गेलं होतं. जखम आजची नव्हती, चार-पाच दिवसांची होती, आज पुन्हा उघडली होती, आणि तिच्या आत अजून एक जुनी होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेतला, त्याला छताकडे बघायला सांगितलं, आणि एक बारीक काडी तळव्याला दहा ठिकाणी टेकवली. टेकली की सांगा, म्हणाल्या. पोनिमानने दोनदा सांगितलं. त्यातल्या एकदा काडी टेकवलेलीच नव्हती.

"कधीपासून लागत नाही पायाला?" त्यांनी विचारलं.

"लागत नाही असं नाही," तो म्हणाला, "आमच्या घोरपडीने नखं आवरली आहेत."

डॉक्टरीणबाईंनी रुसमिनीकडे पाहिलं. रुसमिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे.

रक्तातली साखर पायांत उतरली होती. करंगळी गेली, तिच्या शेजारचं बोट गेलं, आणि जखम भरायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत पोनिमान एकदाही रविवारी चिंचेखाली गेला नाही. पायामुळे, असं तो सांगायचा.

*

सहाव्या महिन्यात रुसमिनीने लिस्तीला बोलावून घेतलं.

लिस्ती म्हणजे लिस्तियानी, प्राथमिक शाळेतली शिक्षिका, मंडळाची चिटणीस. नऊ वर्षांपूर्वी ती पाण्यातली घोरपड मागायला आली होती. पोनिमानने तिला एकदा नव्हे, तीनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा ती रडली, आणि काटेरी शेपटीचं एक पिल्लू घेऊन गेली. आता तिच्याकडे तशी सात होती.

ती आली ती वही घेऊनच. पोनिमानने वही पाहिली आणि समजायचं ते समजला.

"माझे प्रश्न मलाच विचारायला आलीस, नदुक, पोरी?"

"बुदेंनी बोलावलं, पाकदे." लिस्तीने रुसमिनीकाकूंकडे मान वळवली.

"बुदेंनी बोलावलं! आणि मेनिक कोणाच्या घरी जाणार? तुझ्याच ना? नऊ वर्षं डूख धरून बसलीस."

लिस्तीने वही मांडीवर ठेवली. "माझं घर दोन खोल्यांचं आहे, पाकदे. हौद बांधायचा तर मला छपरावर बांधावा लागेल. तेव्हा तुम्ही नाही म्हणालात ते बरोबर होतं. हे सांगायला नऊ वर्षं लागली, हा माझा दोष. विचारू का?"

"विचार."

"घरात सगळ्यात लहान कोण?"

"मी," रुसमिनीने सांगायच्या आत पोनिमान म्हणाला. "हिला विचार, माझ्याशी कशी वागते ते."

"हाताला कशाचा वास?"

"तांब्याचा."

"दिवसभर घरी कोण असतं?"

"दोघंही असतो. हे चांगलं लिही. मोठ्या अक्षरात."

"चावली तर कोणावर रागावाल?"

"अकरा वर्षांत चावलेली नाही."

"तो प्रश्न नाही, पाकदे."

"माझ्यावर रागावेन. पुढं."

पाणी कुठं बदलणार, किती दिवस गावाला जाता, हे सगळं त्याने पटापट सांगितलं. ते प्रश्न त्याच्या बाजूचे होते. सहावा लिस्तीने गाळला होता. पोनिमानच्या ते लक्षात आलं, आणि त्याचा त्याला जास्त राग आला.

"सहावा राहिला."

"माहीत आहे मला."

"माहीत असलं तरी विचारायचा. शाळेत पोरांना असेच गाळून प्रश्न विचारतेस?"

"शेवटची जखम कधी झाली, किती दिवसांत भरली?"

"पाच महिने," तो म्हणाला. मग लगेच, "पण ती मेनिकमुळे नाही, साखरेमुळे. आता गोळ्या सुरू आहेत. चहा बिनसाखरेचा पितो. विचार हिला."

"घरात पिता," रुसमिनी म्हणाली. "गाडीवर काय पिता ते मला गाडीवालीने सांगितलं आहे."

पोनिमानने विषय बदलला. "वार काढ," तो लिस्तीला म्हणाला. "माझा जन्म पोन वाराचा. मेनिक अंड्यातून निघाली तो दिवस माझ्याकडे लिहिलेला आहे. दोघांच्या वारांच्या आकड्यांची बेरीज काढ. लग्नाला काढतात तशी. आमची बेरीज सुखाची येते, मी काढून पाहिली."

लिस्तीने पेन वहीत ठेवून दिलं. मंडळातले निम्मे लोक ही बेरीज गुपचूप काढत, आणि चौदा वर्षं पोनिमान त्यांची टर उडवत आला होता.

रुसमिनीने लगेच विचारलं. "आपल्या लग्नाच्या वेळी माझ्या आईने बेरीज काढली, तेव्हा काय म्हणाला होतात? आकड्यांनी संसार होत नाहीत."

"तेव्हा बेरीज वाईट आली होती."

"वाईटच आली होती. चाळीस वर्षं झाली त्या वाईटाला."

पोनिमानने हौदाकडे पाहिलं. हौदातून मेनिकने डोकं वर काढलं, काठावर हनुवटी टेकवली, जीभ बाहेर काढून आत घेतली.

"माझ्या पायाला कळतं," तो म्हणाला. "डावा गेला असेल. उजव्याला कळतं. तुम्ही दोघी बघाच. मी डोळे मिटतो. तिला सोडा. तिने उजव्या पावलावर पाय ठेवला की त्या क्षणी सांगतो. सांगितलं तर वही मिटायची."

"नखं घासल्याशिवाय नाही," रुसमिनी म्हणाली.

मग लिस्तीने कानस आणली, आणि मेनिकला मांडीखाली दाबून एकेक नख बोथट केलं. पोनिमान शेजारी बसून सूचना देत होता. जोर कमी कर, बोट वाकवू नकोस, तिला डावा पंजा धरलेला आवडत नाही. अर्धा तास त्यात गेला. तेवढा अर्धा तास तो पूर्वीचा पोनिमान होता.

मग तो खुर्चीत बसला, डाव्या पायात बूट, उजवा अनवाणी, पाठ ताठ. डोळे मिटले. लिस्तीने मेनिकला हौदाच्या काठावर सोडलं.

फरशीवर नखांचा आवाज येईल असा त्याचा हिशेब होता. पण नखं आत्ताच घासलेली होती.

"आळशी झाली आहे," डोळे मिटूनच तो म्हणाला. "ऊन उतरलं की येत नाही लवकर."

त्याने पाठ आणखी ताठ केली.

"सूर्य कुठं आहे बघा. सुपारीच्या झाडामागे गेला असेल तर नाही यायची."

शेजारच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं.

"लिस्ती, शेपटीला जरा पाणी लाव. पाणी लावलं की..."

त्याने डोळे उघडले. मेनिकचा पुढचा उजवा पंजा त्याच्या पावलावर होता. पाची बोटं पसरलेली. ती तिथे थांबून उन्हाचा पट्टा कुठं गेला ते बघत होती, आणि घाईत अजिबात नव्हती. बऱ्याच वेळाची आली असावी. रुसमिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

पोनिमान त्या पंजाकडे पाहत राहिला. मग वाकला, दोन्ही हातांनी मेनिकला पोटाखालून उचललं, जसं उचलायला त्याने शेकडो लोकांना शिकवलं होतं, आणि हौदाजवळ नेऊन ठेवलं.

"लिही," तो म्हणाला. "पाण्यातली नाही. मोठी कोणतीच नाही. जमिनीवर मोकळी फिरणारी तर नाहीच नाही."

*

प्रश्न आठवा : तुमच्यानंतर कोण?

*

हा विचारायचा राहिला होता. पोनिमानने त्याचं उत्तर आधीच काढून ठेवलं होतं, हे त्या दिवशी बाहेर आलं. जवळच्या क्लातेन गावात बाग्यो नावाच्या माणसाची माशांची तळी होती. तळ्याला जाळी, जाळीला कुलूप. पोरं मोठी होऊन जाकार्ताला गेलेली, हाताला वास मातीचा. पोनिमानने दोन वर्षांपूर्वीच त्याला मनात धरून ठेवलं होतं, दुसऱ्या कोणाच्या घोरपडीसाठी म्हणून.

बाग्यो मेनिकला न्यायला आला तेव्हा पोनिमानने त्याला नऊच्या नऊ प्रश्न विचारले. माहीत असलेलीही उत्तरं पुन्हा घेतली. सकाळी नऊला सुरू झालेलं काम दुपारच्या नमाजापर्यंत चाललं. बाग्योने मेहेर विचारला, तेव्हा पोनिमान म्हणाला, "तळ्याकाठी एक खुर्ची. जाळीच्या बाहेर."

"बस, एवढंच?"

"पाठ असलेली. स्टूल नको."

*

राहता राहिला पोनिमान स्वतः. लिस्तीने वहीतली उत्तरं, कोणाला कोणती जात द्यायची त्या पोनिमानच्याच तक्त्यावर ताडून पाहिली. काटेरी शेपटीची आली. तिच्याकडच्या एका जोडीची अंडी फुटली होती आणि पिल्लं दोन महिन्यांची झाली होती.

"तीसुद्धा टेबलावर," लिस्ती म्हणाली. "छातीच्या उंचीला. दार पुढून उघडणारं. खाली पडून तुमच्या पायाजवळ काहीच येता कामा नये."

"हे माझ्या तक्त्यात नाही."

"नाही. मी घातलं."

पोनिमानने ते मनात तपासलं. खोट सापडली नाही. "बरं," तो म्हणाला. "मेहेर बोल. ठसा करून देतो तुला. मोर आणि वेल. पंधरा दिवसांत."

"ठसा नको, पाकदे."

"मग?"

"रविवारी चिंचेखाली या. चोपडीतलं ते नखांचं वाक्य खोटं आहे, हे सगळ्यांसमोर तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार, बुदे नाही सांगणार. कासनोचे पाय तुम्ही पाहिलेत का? रोज फिरवतो तिला. परवा टायर बदलताना लंगडत होता."

पोनिमान उठला, आत गेला, बाहेर आला. "हा मेहेर जास्त आहे," तो म्हणाला. "एवढ्याशा पिल्लाला."

"जास्त आहे," लिस्तीने कबूल केलं.

"त्यापेक्षा दोन ठसे घे."

"नको."

"तीन. वर लाकडी मुठी."

"पाकने," रुसमिनी आतून म्हणाली, "घासाघीस तुम्ही चौदा वर्षं कोणाला करू दिलीत?"

*

रविवारी तो गेला. काठी टेकत, डाव्या पायात बूट. चिंचेखाली तीसेक माणसं आणि वीसेक घोरपडी होत्या, पट्टे बांधलेल्या, उन्हात पसरलेल्या. लोकांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"घोरपड नखं आवरत नाही," तो म्हणाला. "दहा वर्षांनी नाही, वीस वर्षांनी नाही. तिला तशी नखंच नसतात. माझ्या पायाला कळायचं बंद झालं होतं, आणि ती शहाणी झाली असं मी तुम्हाला सांगितलं. चोपडीतलं वाक्य खोडा. ज्याच्या पायाला नखं लागत नाहीत त्याने दवाखान्यात जावं."

एवढं बोलून त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. आणखी काही सांगेल म्हणून लोक थांबले.

कासनो पुढे आला. त्याच्या दोन्ही पावलांवर जुने-नवे ओरखडे होते, पट्ट्या होत्या. "म्हणजे पाकदे," तो म्हणाला, "मला लागतंय, हे बरं आहे?"

"फार बरं आहे."

"आणि मी बायकोला सांगत होतो, अजून दोन वर्षं!"

सगळे हसले. पोनिमान हसला नाही, पण खुर्चीत बसला. कोणीतरी त्याच्यासाठी चहा आणायला निघालं, आणि त्याने ओरडून सांगितलं, बिनसाखरेचा. मंडळात एक नवीन बाई आली होती, झाडावरची हिरवी मागायला. ती दुरून उभी राहून बघत होती. लिस्तीने तिला पोनिमानसमोर आणून बसवलं आणि पिल्लाचा डबा त्याच्या मांडीवर ठेवला. डब्याच्या झाकणाला भोकं होती. आतून काही हालचाल जाणवत नव्हती, पण पोनिमानचा एक हात झाकणावर होता, आणि हातांना अजून कळत होतं.

"पहिला प्रश्न," तो त्या बाईला म्हणाला. "घरात सगळ्यात लहान कोण?"

*

रक्तात साखर आहे, असं पोनिमानला दवाखान्यात पहिल्यांदा सांगितलं गेलं, तेव्हा मेनिक अजून अंड्यात होती.